न आलेल्या मशीनला पाच तारे

साडू या नात्याला देवाने कुठलंच काम नेमून दिलेलं नाही. भाऊ वाटणीच्या वेळी उपयोगी पडतो, निदान भांडायला तरी. मेहुण्यावर रुसता येतं. साडू नुसताच असतो. सासरी गेलं की शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो, आणि सासूबाई आधी कोणाच्या कपात चहा ओततात हे दोघंही डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असतात.

माझा साडू तर माझ्या दुकानासमोरच बसतो. दोघंही शिंपी. मधे रस्ता, तोही एवढासा की मी इकडे शिंकलो तर तिकडे त्याची खडूची रेघ वाकडी जाते. तो मला दादा म्हणतो, मी त्याला साडूभाऊ म्हणतो, आणि या दोन गोड शब्दांच्या आडून आम्ही वीस वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं मोजत आलो आहोत.

कापायला तो माझ्याहून बरा, हे मी मरताना कबूल करीन. पण काज माझं. बटणासाठी कापडाला चीर पाडायची आणि तिच्या कडा दोऱ्याने बांधून काढायच्या, एवढंच ते काम. बघायला गेलं तर नखाएवढं. पण एकदा एका वकिलाने घाईघाईत माझ्या हातचा कोट चढवला, बटणं लावली, आणि ती त्याला काढता येईनात. काजाने बटण असं धरलं होतं की वकील दोन दिवस कोटासकट जेवला, कोटासकट झोपला, आणि कोट उतरत नाही म्हणून कोर्टातून उठला नाही, त्यात खटलाही जिंकला. तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी नखाने बटणं सोडवली. खोटं वाटत असेल तर वकिलाला विचारा. तो आता हयात नाही, पण कोट आहे.

तर असा सगळा सुखाचा कारभार चालला असताना साडूने मोबाईलवरून काजाचं मशीन मागवलं. आठ सेकंदांत एक काज. मला एका काजाला आठ मिनिटं लागतात, तीही मधे कोणी बोललं नाही तर.

दिवसभर समोरून टर्र, थोडं थांबून टर्र, पुन्हा टर्र. आठवडाभरात माझा घासही त्या तालावर गिळला जाऊ लागला. त्या मशीनची काजं तुम्ही बघायला हवी होती. काजं कसली, ओठ फाटल्यासारख्या चिरा, आणि कडेला दोऱ्यांच्या मिशा. पण लोकांना हल्ली मिशा चालतात, थांबणं चालत नाही. चौदा वर्षं शाळेचे शर्ट माझ्याकडे टाकणाऱ्या हेडबाई एक दिवस माझ्या दारावरून सरळ समोर गेल्या. मला बघून मान हलवली मात्र. ती मान हलवणं मला जास्त लागलं.

घरी वेगळी टर्र. बायको म्हणाली, "धाकटी सांगत होती, आता तिचे हे साडेसहालाच दुकान बंद करतात. मग दोघं फिरायला जातात."

"पाय आपल्यालाही आहेत," मी म्हणालो.

"पाय आहेत. साडेसहा कुठं आहेत?"

मीही मग मोबाईल उघडला. शोधता शोधता एक मशीन सापडलं. पाच सेकंदांत काज, वर बटणही लावून देणार, सुईजवळ दिवा, आणि किंमत साडूच्या मशीनच्या निम्मी. निम्मी किंमत बघून शहाणा माणूस थांबतो. मीही थांबलो होतो. पण नेमकं त्याच वेळी समोरून टर्र झालं. सगळे पैसे आधी भरले तर सुयांचं एक पाकीट फुकट मिळणार होतं. मी सगळे भरले. त्यात बायकोच्या डब्यातलेही होते.

भरल्या भरल्या रस्ता ओलांडला.

"साडूभाऊ, तुमचं किती सेकंदांचं म्हणालात?"

"आठ, दादा."

"असू दे. तसं बरंच आहे. माझं गुरुवारी येतंय. पाचाचं."

इस्त्री उचलायची विसरली की पांढऱ्या कापडावर जो रंग येतो, तो साडूच्या तोंडावर आला. खरं सांगतो, माझे पैसे तिथेच वसूल झाले होते. मशीन नसतं आलं तरी चाललं असतं, असं त्या क्षणी मला वाटलं. माणसाने मनातल्या मनातसुद्धा जपून बोलावं.

गुरुवार आला, मशीन आलं नाही. शुक्रवारी मोबाईलवर एक नकाशा आला, त्यात निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे माझं मशीन. ठिपका दोन गावं फिरला, एका पुलावर दीड दिवस थांबला आणि मग समुद्रात गेला. तीन दिवस समुद्रातच. चौथ्या दिवशी जरासा सरकला.

बायको चष्मा लावून बघत होती. म्हणाली, "पोहतंय."

मी विक्रेत्याला फोन लावला. एका मुलीचा फार गोड आवाज आला. "काका, तुमचं मशीन तुमच्या अगदी जवळ आलंय."

"किती जवळ?"

"अगदी जवळ."

तिचा आवाजच असा होता की मी दाराबाहेर जाऊन दोन्हीकडे बघून आलो. दुसऱ्या दिवसापासून तो फोन लागेनासा झाला. मग नुसते निरोप. मी लिहिलं, मशीन कुठे आहे. उत्तर आलं, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. मी लिहिलं, पैसे परत करा. उत्तर आलं, आपली विनंती पुढे पाठवली आहे. मी लिहिलं, चोर आहात. उत्तर आलं, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. शेवटी मी लिहिलं, तुमची वाट बघत मी वारलो. उत्तर लगेच आलं: हे ऐकून आनंद झाला. आणखी काही मदत हवी आहे का?

हे सगळं सोसलं असतं. पण रोज सकाळी साडू दुकान उघडायचा, मोजपट्टी गळ्यात टाकायचा आणि तिकडून विचारायचा, "दादा, आलं का?" आवाजात काही नाही, टोमणा नाही, हसू नाही. दूध आलं का विचारावं तसं. हसला असता तर मला भांडता तरी आलं असतं. पुढे शेजारचा औषधवाला विचारू लागला. पुढे सासऱ्यांचा फोन आला. ते कानाने कमी ऐकतात, म्हणून त्यांनी सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "थोरल्या जावयाला फसवलं म्हणे?"

बाराव्या दिवशी साडूने विचारलं, "दादा, आलं का?"

मी म्हणालो, "आलं."

जीभच ती. ती बोलून गेली आणि मी तिच्या मागे उभा राहिलो.

"आलं? कधी?"

"काल. तुम्ही जेवायला गेला होतात."

"एवढं खोकं, आणि मला नाही दिसलं?"

"मागच्या दाराने आणलं."

मागच्या दाराबाहेर औषधवाल्याचं अंगण. त्याच्या नव्या फ्रिजचं रिकामं खोकं तिथेच पडलं होतं. ते मी आत ओढलं, पलंगावरची चादर त्यावर टाकली आणि कोटाच्या उरलेल्या अस्तराचा पडदा शिवून मधे लावला. बायको कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती.

"आणि काजं कोण करणार?"

"मी. हाताने."

"आणि आवाज?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला समजलं.

जुन्या पायमशीनची सुई काढली, पट्ट्याखाली पत्र्याचं झाकण अडकवलं. पाय मारला की असा दणदणीत आवाज येई की साडूचं टर्र त्यापुढे मच्छर वाटावं. बायकोने पाच सेकंद पाय मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. तिने एकच अट घातली, हातात वाचनालयाचं पुस्तक हवं. त्यामुळे कादंबरीत काही घडू लागलं की मशीन बारा-पंधरा सेकंद धावायचं. बाहेर गिऱ्हाईक म्हणायचं, "आज मोठं काज दिसतंय." आणि नायिका रडायला लागली की मशीन बंदच पडायचं.

मी मात्र तिच्या पायाशी स्टुलावर बसून हाताने काजं घालत होतो. कोणी घाई केली तर सांगायचो, मशीन नवीन आहे, तापू द्यायचं नाही, दिवसाला चाळीसच.

दुसऱ्याच आठवड्यात हेडबाई आल्या. शाळेच्या बँडचे अठ्ठेचाळीस कोट, प्रत्येकाला बारा काजं. मी नमुन्याचा कोट पुढे केला. त्यांनी तो उजेडात नेला, काजावर बोट फिरवलं.

"सुरेख," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही हाताने करायचात. बरं असायचं."

"बरं असायचं?"

"वाईट वाटून घेऊ नका. शेवटी माणसाच्या हाताला मर्यादा असते. हे बघा, एकही टाका इकडचा तिकडे नाही. मशीन ते मशीन."

काम मिळालं. त्यांना पायरीपर्यंत पोचवून मी पडद्यामागे आलो आणि त्या खोक्याला एक लाथ घातली.

बायकोने पुस्तकातून मान वर केली. "त्याने काय केलं?"

काय केलं, विचारा. साडूचं मशीन निदान होतं तरी. त्याच्यावर जळण्यात एक रीत होती. हे मशीन नव्हतंच, आणि दिवसेंदिवस माझं नाव खाऊन फुगत चाललं होतं. बोटं माझी सोलून निघत होती आणि लोक चादरीकडे बघून माना डोलवत होते. "मशीनवरचंच द्या हं, हाताचं नको," असं सांगून जाणारी माणसं मी याच कानांनी ऐकली. एकाने तर तुझ्या मशीनला दृष्ट लागेल, असं चादरीकडे बघत सांगितलं. मला कधी कोणाची दृष्ट लागल्याचं ऐकिवात नाही.

मग साडू आला. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांकडे असतं तसं भिंग घेऊन आला. एक कोट मांडीवर घेऊन कितीतरी वेळ वाकून बसला. मी टेबलावरच्या खडूच्या रेघा पुसत होतो.

"दादा," तो म्हणाला, "या मशीनला डोकं आहे. कोपऱ्यावर वळताना टाके आखडते घेतं."

"हो. तशी सोय आहे त्यात."

"माझ्यात नाही."

काय सांगू, तो 'माझ्यात नाही' ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो. संध्याकाळी जेवताना मात्र तो घशात अडकला. कोपऱ्यावर टाके आखडते घेणं मी बापाचा चौदा महिने मार खाऊन शिकलो. आणि साडू आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामावर जळत होता, तर जळत होता खोक्यावर.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. "दादा, मी ते दुकान मोबाईलवर बघितलं. पण त्या मशीनखाली एकाचाही अभिप्राय नाही. एवढं चांगलं मशीन, आणि मिळालेला माणूस एकही नाही?"

त्याचे डोळे जरा बारीक झाले होते. तो गेल्यावर मी लगेच मोबाईल घेतला आणि लिहिलं: "मशीन सांगितलेल्या दिवसाच्याही आधी मिळालं. काम अप्रतिम. माझ्या साडूकडे आठ सेकंदांचं आहे, त्याची याच्याशी तुलनाच होऊ शकत नाही." खाली माझ्या काजाचा फोटो लावला आणि पाच तारे दिले. सहा द्यायची सोय नव्हती. ज्यांनी मला लुटलं, त्यांचं मिनिटभरात उत्तर आलं: आपल्यासारखे ग्राहक हीच आमची ताकद.

यातून काय होईल, हे शाळेच्या बँडमधल्या ढोलवाल्यालाही कळलं असतं. मला चार दिवसांनी कळलं. साडू हसत हसत रस्ता ओलांडून आला.

"दादा, मीही मागवलं. त्यातलं मोठं. काल संध्याकाळी सगळे पैसे भरले. तुमचं वाचलं आणि म्हटलं, आता विचार करायचा नाही."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता याचाही ठिपका समुद्रात जाणार. आता मी मोजपट्टी गळ्यात टाकून रोज सकाळी विचारणार, साडूभाऊ, आलं का? त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो आणि चाळीसच्या जागी सेहेचाळीस काजं घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणी आली. धाकटी. पडद्याबाहेरूनच बोलू लागली, तिला आत यायला आम्ही मनाई केली होती, मशीनला धूळ चालत नाही म्हणून.

"भाऊजी, तुमचे उपकार आहेत. हे घाबरत होते. मीच म्हटलं, भाऊजींनी स्वतः लिहिलंय, मग भ्यायचं कशाला?"

"बरं, बरं," मी आतून म्हणालो.

"जुनं विकलंसुद्धा. चार वाजता माणूस टेम्पो घेऊन येतोय. पुढच्या महिन्यात दोनशे शर्टांचं काम घेतलंय यांनी, नव्या मशीनच्या भरवशावर. सगळं त्यातच घातलंय बघा. ताई, मशीन थांबलं का गं?"

बायकोचा पाय थांबला होता. "तापलंय," ती म्हणाली.

मेहुणी गेली. बायकोने पुस्तकात दोरा घालून ते मिटलं.

"सांगा त्यांना."

"सांगितलं तर तो हसेल. सासऱ्यांकडे सांगेल. मेल्यावर माझ्या तेराव्यालाही सांगेल."

"न सांगितलं तर धाकटी रडेल."

"थोडी रडली तर काय होतं? आपण नाही रडलो?"

बायको उठली, पुस्तक घेतलं आणि आमच्या पुढच्या दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. माझं मशीन बंद पडलं. घड्याळात पावणेचार झाले होते. मी सुई हातात धरून पाच मिनिटं बसलो, दहा मिनिटं बसलो. कोटावर सहा काजं राहिली होती. एकही घालता येईना. मग टेम्पोचा आवाज आला.

साडू दारात उभा होता. टेम्पोवाला मशीनभोवती दोरी गुंडाळत होता.

"साडूभाऊ, मशीन देऊ नका."

"का?"

"नवीन येणार नाही. ते लोक चोर आहेत."

"तुमचं तर सांगितल्या दिवसाच्या आधी आलं."

"नाही आलं."

साडू जवळ आला. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, मला समजतं. दोघांकडेही तेच मशीन झालं तर तुमचं काय राहणार? तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं."

इतक्या समजूतदारपणे म्हणाला की वाटलं, जाऊ दे टेम्पो. देऊन टाक. पण पायरीवरून बायको बघत होती.

"उचलू का?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"पाच मिनिटं," मी म्हणालो, साडूचं मनगट धरलं आणि त्याला ओढत रस्ता ओलांडून पडद्यामागे नेलं. चादर ओढली. खोक्यावर फ्रिजचं चित्र होतं, आणि चित्रात एक बाई फ्रिजशेजारी उभी राहून हसत होती. तेवढी एकच हसत होती.

साडूने खोक्यात वाकून बघितलं. आत बायकोची वाचून झालेली, परत न केलेली चार पुस्तकं. मग त्याने पायमशीनकडे बघितलं, पत्र्याच्या झाकणाकडे बघितलं, कोटात टोचून ठेवलेल्या सुईकडे बघितलं. मग माझा हात धरून उलटा केला. बोटांची चाळण झाली होती.

मी त्याच्या हसण्याची वाट बघत होतो. पाच सेकंद झाले, आठ झाले. हसेना.

"किती केलीत?"

"पाचशे सत्तर. सहा राहिलीत."

तो स्टुलावर बसला. भिंग खिशातून काढलं, पुन्हा आत ठेवलं. बाहेर टेम्पोवाला ओरडला तेव्हा उठला, रस्ता ओलांडला आणि मशीनची दोरी स्वतः सोडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी साडूचा कागद बघितला. "तीन दिवसांपूर्वीच भरलेत ना? पैसे अजून पुढे गेले नाहीत. अडवता येतील." मग माझा बघितला, मोबाईल बघितला, चष्मा सारखा केला. "तुम्ही तर वस्तू मिळाली म्हणून लिहिलंय."

"लिहिलंय. पण मिळाली नाही."

"सांगितलेल्या दिवसाच्याही आधी मिळालं," बाई मोठ्याने वाचू लागल्या. मागच्या रांगेतली कुजबूज थांबली. "काम अप्रतिम. माझ्या साडूकडे आठ सेकंदांचं आहे..." त्यांनी मान वर केली. "साडू म्हणजे हेच का?"

"मीच तो," साडू नम्रपणे म्हणाला.

"फोटोही लावलाय. पाच तारे दिलेत. आता तक्रार कशाच्या आधारावर घेऊ, तुम्हीच सांगा."

मी मोबाईल उचलून खिशात घातला. पाचव्या दिवशी साडूचे पैसे परत आले. माझे आजही त्या विक्रेत्याकडे सुखात आहेत.

इथपर्यंतही मी गिळलं असतं. पण पैसे आल्याच्या दिवशी साडू माझ्याकडे आला, पडदा नीट ओढून घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, हे आपल्या दोघांत. मी कोणाला सांगणार नाही. धाकटीलासुद्धा सांगितलं नाही. नवीन मशीनचा विचार बदलला, एवढंच म्हणालो."

आणि त्याने खरंच सांगितलं नाही. औषधवाला त्याच्यासमोर माझ्या मशीनचं कौतुक करायचा तेव्हा साडू म्हणायचा, "भारीच आहे दादांचं मशीन." म्हणताना चेहरा असा की जणू आत्ता कोणी येऊन त्याच्याभोवती तेजाचं चक्र काढणार आहे. सासऱ्यांकडे विषय निघाला तर त्याने पाण्याचा पेला पुढे करून विषय बदलला, आणि जाता जाता माझ्याकडे एक नजर टाकली. काय ती नजर. क्षमेने भिजलेली.

मशीनमध्ये तो माझ्या पुढे गेला, ठीक. पैसे परत मिळवण्यात गेला, तेही ठीक. आता चांगुलपणातही पुढे निघाला होता, आणि मला त्याच्या चांगुलपणावर रोज जगावं लागत होतं. तीन आठवडे मी काढले. मग एका दुपारी बायको पाय मारता मारता पुस्तकातून डोळे न काढता म्हणाली, "काही म्हणा, धाकटीचा नवरा देवमाणूस आहे."

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. मला ती आजवर माणूससुद्धा म्हणालेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा काढला. खोकं रस्त्यावर आणून ठेवलं, फ्रिजवाली बाई लोकांकडे करून. जो पहिला आला त्याला सगळं सांगितलं. ठिपका सांगितला, मी वारल्याचं सांगितलं, पाच तारे सांगितले. दुपारपर्यंत दारात नऊ माणसं होती, आणि ठिपका समुद्रातून पलीकडच्या किनाऱ्याला लागून परत आला होता.

साडू धावत आला. तोंड उतरलेलं. "दादा, हे काय केलंत? मी जपून ठेवलं होतं."

"म्हणून तर," मी म्हणालो.

तो बराच वेळ उभा राहिला. हातातून कोणी काही काढून घेतल्यासारखा. मग वळून निघून गेला. मला महिन्याभरात प्रथमच हलकं वाटलं.

हेडबाईंच्या कानावर गेलंच. त्या बँडचा एक कोट हातात घेऊन आल्या, पुन्हा उजेडात नेला. "म्हणजे ही सगळी हाताची?"

"सगळी."

त्यांनी खालून चौथ्या काजावर बोट ठेवलं. "तरीच. हे इथे जरा वाकडं आहे."

मशीनचं होतं तोवर सरळ होतं ते. पण मला राग आला नाही. वाकडं तर वाकडं, त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं होतं, चादरीकडे बघून नाही.

सगळं इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण साडूला आता जपायला काही उरलं नव्हतं, म्हणून तोही सांगू लागला. तिकडे, स्वतःच्या दुकानात, मशीन बंद ठेवून. मी इकडे पाच तारे सांगत असताना तिकडून हसण्याचा असा लोट यायचा की माझी माणसं मान वळवायची, आणि एखादा हळूच रस्ता ओलांडायचा. परवा बायकोही गेली. परत आली ती पदराने डोळे पुसतच.

"एवढं काय हसायचंय?" मी विचारलं.

"तुम्ही तारे देता ना, ते."

"ते तर मीही सांगतो."

"हो. पण ते तुमचा आवाज काढतात."

"कसा काढतो?"

तिने काढून दाखवला. हुबेहूब होता.

काल दुपारी मी सुई कापडात टोचून ठेवली आणि रस्ता ओलांडून साडूच्या दारात गर्दीच्या मागे उभा राहिलो. ऐकायला नाही. तो कुठे चुकतो ते बघायला.